निग्रिलला दुसऱ्यांदा: १४ वर्षांनी त्याच किनाऱ्यावर

अबोली_एडिसन | २३ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.१०

जमैकाच्या अगदी पश्चिम टोकाला निग्रिल आहे. तिथल्या एका 'ॲडल्ट्स ओन्ली' रिसॉर्टमध्ये आम्ही दोघं २०११ च्या फेब्रुवारीत राहिलो होतो. गेल्या आठवड्यात पुन्हा तिथेच सात रात्री राहून आलो. मराठीत निग्रिलबद्दल फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. रिसॉर्टचं नाव देत नाही, कारण थोड्या तक्रारीही लिहायच्या आहेत आणि तिथे राबणाऱ्यांच्या पोटावर पाय यायला नको.

'ॲडल्ट्स ओन्ली' म्हटलं की आपल्याकडे भुवया वर जातात. २०११ मध्ये सासूबाईंना सांगताना मलाही अवघड वाटलं होतं. याचा अर्थ एवढाच की १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. पोहण्याच्या तलावावर आरडाओरडा नाही, जेवणाच्या वेळी शांतता. आमच्या शेजारच्या खोलीत सत्तरीचं एक कॅनेडियन जोडपं होतं, रोज सकाळी शब्दकोडं सोडवत बसायचं. निग्रिलमध्ये कपड्यांशिवाय वावरायची मुभा असलेली ठिकाणंही आहेत. तसं असलं तर ते स्पष्ट लिहिलेलं असतं, बुकिंगआधी वाचून घ्या म्हणजे झालं.

खाणं-पिणं, राहणं, खेळ सगळं एकाच पैशात ही पद्धत इथे चांगली रुजली आहे. निग्रिल बीच व्हिलेज १९७६ साली सुरू झालं, फक्त जोडप्यांसाठीचं 'कपल्स' १९७८ मध्ये ओचो रियोसला, आणि १९८१ मध्ये बुच स्ट्युअर्ट या जमैकन उद्योजकाने माँटेगो बेला पहिलं 'सँडल्स' उघडलं. म्हणजे या धंद्यात जमैकन माणसं पहिल्यापासून आहेत.

आम्ही अमेरिकेतल्या न्यूआर्कहून माँटेगो बेला थेट गेलो, साधारण चार तास. पुढे गाडीने सुमारे ८० किलोमीटर, लुसीया गावावरून समुद्राच्या कडेकडेने दीड तास. वाहनं डावीकडून चालतात. दोघांचा सात रात्रींचा खर्च विमान सोडून ४,४०० डॉलर आला.

किनाऱ्याचं नाव सेव्हन माइल बीच, मोजला तर सात मैल भरत नाही. पाणी फार शांत. बाहेर प्रवाळाची रांग आहे आणि किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे अटलांटिकचा मारा थेट येत नाही. मला धड पोहता येत नाही, तरी कमरेएवढ्या पाण्यात तास-तासभर उभी राहायचे. सूर्य पाण्यात बुडतो, आपल्या कोकणासारखाच.

आता बदल. २०११ मध्ये आमच्या खोलीसमोरच्या नारळापासून पाण्यापर्यंत चांगली मोठी पुळण होती, तिथे खुर्च्यांच्या तीन रांगा लागायच्या. या वेळी एकच रांग. नारळाची मुळं उघडी पडलेली. मी जुना फोटो हातात धरून त्याच जागी उभी राहिले तेव्हा पोटात गलबललं.

तक्रार खोलीची. पहिली खोली कुबट होती, वातानुकूलन यंत्रामागे भिंतीला बुरशी. बदलून द्यायला दोन दिवस लावले आणि चार वेळा तेच ते सांगायला लावलं. एवढे पैसे घेतल्यावर हे होता कामा नये, असं मी शांतपणे त्यांना लिहून दिलं.

पण मी हा धागा ज्यासाठी काढला ते वेगळंच. २०११ मध्ये आमची खोली आवरायला एक मुलगी यायची, विशी-बाविशीची. शेवटच्या दिवशी तिच्याबरोबर फोटो काढला होता. या वेळी निघताना तो छापून घेतला. ती तिथे असेल अशी आशा नव्हती. तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या खोलीपाशी एकीला दाखवला, तर ती हसायलाच लागली आणि फोनवर कुणाला तरी बोलावलं. दहा मिनिटांत ती आली! आता तिच्या हाताखाली बारा जणी काम करतात. तिला मी आठवत नव्हते, हे तिने सरळ सांगितलं. फोटो मात्र बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, त्या वयातला माझा एकही फोटो घरात नाही, वादळात भिजून गेले.

रविवारी तिला सुट्टी होती. तिने आम्हाला घरी बोलावलं, लिटल लंडनला. निग्रिलहून सॅव्हाना-ला-मारच्या रस्त्यावर, अर्ध्या तासाच्या आत. २०११ मध्ये आम्ही सात दिवसांत रिसॉर्टच्या फाटकाबाहेर फक्त एकदा, सूर्यास्त बघायला वेस्ट एंडच्या कड्यावर गेलो होतो. या वेळी लाल नंबर पाटीच्या रूट टॅक्सीत, म्हणजे ठरलेल्या रस्त्यावरच्या शेअर टॅक्सीत, दाटीवाटीने बसून गेलो. दोन्ही बाजूंना ऊस. मला क्षणभर सांगलीकडे जातोय असं वाटलं.

तिचं आडनाव ऐकून मी चमकले होते. तिची पणजी भारतातून आलेली. कुठल्या गावची, हे घरात कुणालाच माहीत नाही. मजुरांचं पहिलं जहाज 'ब्लंडेल' १० मे १८४५ ला ओल्ड हार्बर बेला लागलं, आणि १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार माणसं आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, कलकत्त्याच्या बंदरातून. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्त हात हवे होते. याच भागातल्या वेस्टमोरलँड परगण्याच्या मळ्यांवर खूप जण राहिले, आणि लिटल लंडन त्यांच्यातलंच गाव.

तिच्या अंगणात बोराचं झाड होतं. बोरंच, आपली! तिने ओंजळभर हातावर ठेवली आणि म्हणाली, 'कुली प्लम.' 'कुली' हा मळ्यावरच्या भारतीय मजुरांना हिणवायचा शब्द, तो ऐकून मला कसंतरी झालं. तिच्या तोंडी मात्र तो बोराचा शब्द होता, लहानपणापासूनचा. मी काही बोलले नाही. बोरं खाल्ली. मागच्या बाजूला मोठं आंब्याचं झाड, मोहोराने भरलेलं. कुठला आंबा म्हणून विचारलं तर म्हणाली, 'बॉम्बे.' जमैकात हा आंबा फार प्रिय आहे. मधोमध गोल चीर देऊन दोन्ही हातांनी पिळला की अर्धी वाटी सुटून येते. 'जूनमध्ये ये,' म्हणाली. आम्ही दोघंही तिथे मोहोराच्या वासात गप्प उभे होतो.

फोटो उद्या टाकते. विचारा काय विचारायचं ते.

---

केतकी_पुणे | २४ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७.४५

अबोलीताई, बोरं आणि मोहोर वाचून सकाळीच डोळे भरून आले. फोटो नक्की टाका.

माझा प्रश्न जेवणाचा. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, त्यांना पाठवायचा विचार आहे. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. सात दिवस सॅलडवर काढायला लागतील का?

---

अबोली_एडिसन | २४ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.३०

@केतकी, अजिबात नाही, पण विचारून खायला हवं. जमैकात ज्याला 'कॅलालू' म्हणतात तो चक्क माठ आहे. कांदा-लसूण-टोमॅटो घालून परततात, सकाळच्या नाश्त्याला. त्यात बऱ्याचदा खारवलेला मासा टाकतात, तेव्हा 'नो सॉल्टफिश' म्हणायचं. 'राइस अँड पीज'मधले पीज म्हणजे राजमा, नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवलेला. हे रविवारचं घराघरातलं जेवण. त्यातही कधी मांसाचा तुकडा घालतात, म्हणून विचारा. कसाव्याच्या कंदाची 'बॅमी' ही जाडसर भाकरी, मक्याच्या पिठाचे गोडसर तळलेले 'फेस्टिव्हल', आणि आपल्या राजेळीसारखी मोठी केळी तळून.

रास्ताफारी या तिथल्या धर्मपंथाच्या लोकांचा 'आयटल' स्वयंपाक तर आई-बाबांसाठीच आहे. मांस नाही, मीठ अगदी कमी किंवा नाहीच, भोपळा-कंद-घेवडा नारळाच्या दुधात. वेस्ट एंडच्या रस्त्यावर अशा छोट्या खानावळी आहेत. मला तिथलं जेवण रिसॉर्टपेक्षा जास्त आवडलं.

एक सांगायचं राहिलं. 'अॅकी' हे त्यांचं राष्ट्रीय फळ, शिजवल्यावर अंड्याच्या भुर्जीसारखं दिसतं. आई बघून नको म्हणतील, पण ते फळ आहे. फक्त झाडावर आपोआप उकललेलंच खातात, कच्चं विषारी असतं. बाजारातून स्वतः आणून प्रयोग करू नये.

---

दर्यावर्दी | २५ फेब्रुवारी २०२५, दुपारी १.०५

रत्नागिरीहून लिहितोय. तिकडे विलायती फणस असतो ना? आम्ही नीरफणस म्हणतो, काप करून तळतो.

आणि पुळण खाल्ली जातेय ते वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही समुद्र आत येतोय. लोक धूपप्रतिबंधक बंधारा मागतात, मग दगड टाकले जातात, मग दगडाच्या पुढची वाळूही जाते. तिथे कारण काय सांगतात?

---

अबोली_एडिसन | २५ फेब्रुवारी २०२५, रात्री १०.००

@दर्यावर्दी, हो, ब्रेडफ्रूट! तिच्या घरी विस्तवावर अख्खा भाजून दिला. साल काळी ठिक्कर होते आणि आतला गर पावासारखा. ब्लाय नावाच्या इंग्रज कॅप्टनने १७९३ मध्ये प्रशांत महासागरातल्या ताहितीहून रोपं आणली, मळ्यावरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. आज तो त्यांच्या जिवाभावाचा आहे.

धुपीबद्दल मी नवऱ्याला विचारून लिहितेय, तो पाण्याच्याच कामातला इंजिनियर आहे. निग्रिलची वाळू नदीने आणलेली नाही. ती समुद्रातच तयार होते, शिंपले, प्रवाळ आणि समुद्रगवतात वाढणारं चुनखडीचं शेवाळ यांच्या चुऱ्यातून. म्हणजे गवताचं कुरण आणि प्रवाळ जगलं तर वाळू. पोहणाऱ्यांच्या पायाला गवत लागू नये म्हणून ते उपटलं, की वाळूचा कारखानाच बंद. किनाऱ्यामागे ग्रेट मोरास नावाची मोठी पाणथळ आहे. गाळ आणि सांडपाणी ती गाळून घ्यायची, तिच्यात चर खणून पाणी काढलं. आता तीच घाण प्रवाळावर जाते. समुद्रात दगडी बांध घालायची योजनाही आली होती, पण तिथल्या हॉटेलवाल्यांनी आणि गावकऱ्यांनीच तिला कडाडून विरोध केला. तुमच्या दगडांसारखीच भीती.

---

निनाद_ठाणे | २६ फेब्रुवारी २०२५, रात्री ११.२०

लेख मनापासून लिहिलाय, तरी एक सलतंय ते लिहितो. भिंतीआड सात दिवस खायचं-प्यायचं, बाहेरच्या खानावळीला एक पैसा नाही आणि किनाराही अडवायचा. जमैकात लोकांना स्वतःच्या समुद्रावर जायचा सरसकट हक्कच नाही, हे खरं ना? मग तिथे दुसऱ्यांदा जाणं बरोबर आहे का?

---

अबोली_एडिसन | २७ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.१५

@निनाद, खरं आहे. १९५६ चा बीच कंट्रोल ॲक्ट, इंग्रजांच्या राज्यातला. किनारा आणि समुद्रतळ सरकारचा, आणि सर्वसामान्य माणसाला पोहायला जायचा सरसकट हक्क कायद्याने दिलेला नाही. त्याविरुद्ध तिथे 'जॅबेम' नावाची संघटना कोर्टात लढतेय. निग्रिलला निदान पाण्याच्या कडेने लोक चालत जातात, फळं, लाकडी कोरीवकाम विकतात. पण रिसॉर्टच्या हद्दीला दोरी लावलेली असते आणि पहारेकरी उभा असतो. तिच्या पुतण्याने आम्हाला विचारलं, 'तुमच्या देशात समुद्राला फाटक असतं का?' मी नाही म्हणाले. जुहूला, गणपतीपुळ्याला कुणी अडवत नाही. तो म्हणाला, मग तुम्ही श्रीमंत आहात.

जाणं बरोबर का, याचं माझं उत्तर असं: त्या पगारावर तिच्या घरातली सात माणसं जगतात, म्हणून मी जाऊ नका म्हणणार नाही. पण २०११ सारखं भिंतीआड बसून यायचं नाही. तीन-चार जेवणं बाहेर घ्या, रूट टॅक्सीने फिरा, फळं रस्त्यावर विकत घ्या. पुढच्या वेळी आम्ही चार रात्री रिसॉर्ट आणि तीन रात्री गावातल्या छोट्या गेस्टहाउसमध्ये राहणार आहोत.

---

निनाद_ठाणे | २७ फेब्रुवारी २०२५, रात्री ११.५०

पटलं. पुतण्याचं वाक्य मनातून जाणार नाही.

---

जुना_शिवाजीपार्ककर | १ मार्च २०२५, सायंकाळी ६.४०

थोडं विषयांतर, पण जमैका आणि मराठी मनाचा विषय निघालाच आहे. १९७१ चा दौरा. मी तेव्हा अकरा वर्षांचा, वडिलांच्या मांडीशी रेडिओ. किंग्स्टनच्या सबिना पार्कवर पहिल्या कसोटीत आपला डाव कोसळला होता आणि दिलीप सरदेसाईंनी २१२ काढल्या, मडगावचा माणूस! एकनाथ सोलकर त्यांच्याबरोबर उभा राहिला, ६१. वाडेकर कप्तान. वेस्ट इंडीजवर फॉलोऑन लादला. गावसकर त्या सामन्यात नव्हता, तो पुढच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत आला, आणि ती आपण जिंकली. त्याच सबिना पार्कवर १९७६ मध्ये होल्डिंगचा चेंडू अंशुमन गायकवाडच्या कानावर बसला, तेही आठवतं.

अबोलीताई, तिथल्या लोकांना आजही क्रिकेटचं तेवढंच वेड आहे का?

---

अबोली_एडिसन | २ मार्च २०२५, सकाळी १०.१०

काका, टॅक्सीवाला साठीचा होता. भारतातून म्हटल्यावर पहिलं नाव त्याने गावसकरांचं घेतलं. तरुण पोरं धावण्याबद्दल आणि फुटबॉलबद्दल जास्त बोलतात.

---

मीरा_ऑस्टिन | ९ मार्च २०२५, दुपारी २.२५

आम्ही गेल्या जूनमध्ये कॅनकूनला गेलो होतो. किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे ढीग, आणि कुजक्या अंड्यांचा वास. निग्रिललाही असतं का?

---

अबोली_एडिसन | ९ मार्च २०२५, रात्री ९.००

ते सारगॅसम. २०११ पासून अटलांटिकमध्ये त्याचे प्रचंड पट्टे तयार होतायत आणि वारा-प्रवाहाबरोबर पश्चिमेला येतात. जमैकाच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्याला त्रास जास्त, निग्रिल पश्चिमेला असल्याने पुष्कळ वाचतं. आम्हाला फेब्रुवारीत काहीच दिसलं नाही. उन्हाळ्यात जायचं तर आठवडाभर आधीचे ताजे फोटो बघून घ्या. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या मात्र चावतात, पायाला लावायला मलम न्या.

---

अबोली_एडिसन | २८ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.३०

धागा वर काढतेय. आज दुपारी मेलिसा चक्रीवादळ जमिनीवर आलं. न्यू होपपाशी, वेस्टमोरलँडमध्येच. पाचव्या म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं, वाऱ्याचा वेग ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर. जमैकावर इतकं ताकदवान वादळ आल्याची नोंद नाही. काल रात्री तिचा निरोप आला होता, शाळेत आसऱ्याला जातोय म्हणून. त्यानंतर काही नाही. फोन लागत नाही. हात थरथरतायत.

---

केतकी_पुणे | २९ ऑक्टोबर २०२५, सकाळी ६.५५

ताई, इथे सगळे तुमच्याबरोबर वाट बघतोय. तिकडचे मोबाइल मनोरेच पडले असतील, घाबरू नका.

---

दर्यावर्दी | २९ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८.१०

निसर्ग वादळानंतर आमच्या बहिणीचा श्रीवर्धनहून चार दिवस फोन नव्हता. माणसं ठीक होती. धीर धरा.

---

अबोली_एडिसन | ४ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४५

आज सकाळी तिच्या सात ओळी आल्या. घरातली सातही माणसं जिवंत आहेत. छताचे पत्रे उडाले. आजूबाजूला बहुतेक घरांचं तेच. तिथून पुढे पूर्वेला ब्लॅक रिव्हर गावाचं तर फार वाईट झालंय. निग्रिलचा किनारा त्या मानाने वाचला म्हणते, पण रिसॉर्ट बंद आहे आणि कामावर कधी बोलावतील ते कुणी सांगत नाही.

बॉम्बे आंबा मुळासकट आडवा पडला. घरावर न पडता रस्त्याच्या बाजूला पडला, म्हणून आजी वाचली.

काय पाठवू विचारलं तर तिने पैसे मागितले नाहीत. ताडपत्री, खिळे, सौर दिवे, आणि पुतण्यासाठी वह्या.

---

मीरा_ऑस्टिन | ५ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.२०

पाठवायचं कसं? कुरियरने अवाच्या सवा पडेल.

---

अबोली_एडिसन | ५ नोव्हेंबर २०२५, रात्री ८.१५

इथले जमैकन लोक वर्षानुवर्षं पिंपं पाठवतात. मोठं बॅरल घ्यायचं, कडेपर्यंत भरायचं, बोटीने जातं. ईस्ट ऑरेंजमधल्या एका दुकानात आज जाऊन आले. बाई म्हणाल्या, मध्ये एकही फट ठेवू नकोस, मोज्यांत खिळे भर, भांड्यात डाळ भर. मी पिंप दारात आणून ठेवलंय. ताडपत्र्या तळाशी घातल्या. अजून अर्धं रिकामं आहे.

---

निनाद_ठाणे | ६ नोव्हेंबर २०२५, रात्री १२.०५

माझी बहीण प्लेनफील्डला असते. शनिवारी चार सौर दिवे आणि दोन डझन वह्या घेऊन तुमच्याकडे येईल. किती वाजता आलेलं चालेल, तेवढं व्यक्तिगत निरोपाने कळवा.